‘टेन’ म्हणताना जीभ कुठे असते?

परदेशातल्या एका कंपनीच्या हेल्पलाइनवर मी आडनाव सांगत होतो. पी, ए, टी, आय, एल. पलीकडच्या बाईंनी लिहून घेतलेले वाचून दाखवले : बाटील. मी पुन्हा ‘पी’ म्हणालो, या वेळी मोठ्याने. बाईंनी पुन्हा ‘बी’च घेतला. ‘पी फॉर पॅरिस’ करून पाहिले, पण पॅरिससाठी वेगळा प कुठून आणणार? पाचव्या खेपेला मी इतका वैतागलो होतो की ओठ उघडताना प-च्या मागोमाग जोराचा श्वास बाहेर पडला. ‘ओह, पी!’ बाई म्हणाल्या. आवाज चढवून जे साधले नव्हते ते एका फुंकरीने साधले.

त्या फुंकरीला आपल्याकडे महाप्राण म्हणतात. तिच्यासाठी आपल्या लिपीत ख, छ, ठ, थ, फ अशी स्वतंत्र अक्षरे आहेत. इंग्रजीत एकही नाही. तरी शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क-नंतर इमानेइतबारे फुंकर सोडतात ते इंग्रज, आणि गाळतो आपण. इंग्रजीच्या उच्चाराबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा स्पेलिंगच्या अन्यायापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. जीभ, ओठ, दात आणि टाळू यांच्यापर्यंत गोष्ट क्वचितच जाते.

जागा सांगून उच्चार शिकवता येतो का, हा प्रश्न मात्र फार जुना आहे. ‘जीभ इथे टेकवा, ओठ असे करा, आता आवाज काढा’ एवढ्या सूचनांवर एखादे इंग्रजी सिलॅबल, म्हणजे एका दमात निघणारा उच्चाराचा तुकडा, तोंडात बसेल का? माझे मत आधीच सांगून टाकतो. व्यंजने या वाटेने उत्तम येतात, स्वर अर्धेमुर्धे येतात. आणि मराठी माणसाला लागणाऱ्या बहुतेक जागा त्याच्या तोंडात लहानपणापासून तयार असतात. त्या भलत्याच शब्दांसाठी राखून ठेवलेल्या असतात, एवढेच. उदाहरणाला एकच सिलॅबल पुरे : दहा या अर्थाचे ‘टेन’.

त्याआधी थोडा इतिहास, कारण तो आपल्या शाळेच्या भिंतीवर टांगलेला असतो आणि आपण तिकडे बघत नाही. ए, बी, सी, डी या क्रमाला उच्चाराच्या दृष्टीने काही अर्थ नाही. बी-शेजारी सी का, याला उत्तर नाही. क ते म हा तक्ता मात्र तोंडाचा नकाशा आहे. कंठापाशी क, टाळूपाशी च, मूर्ध्यावर ट, दातांवर त, ओठांवर प. प्रत्येक ओळीत आधी अघोष, म्हणजे गळ्यात कंपन नसलेले, मग घोष, म्हणजे कंपन असलेले, शेवटी नाकातून जाणारा. प्रातिशाख्ये आणि शिक्षाग्रंथ, म्हणजे वेदांच्या उच्चाराचे जुने ग्रंथ, रचणाऱ्यांनी तीन प्रश्न वेगळे काढले होते : ध्वनी कुठे होतो ते स्थान, कोणता अवयव तिथे जातो ते करण, आणि तो किती जवळ जातो, घट्ट टेकतो की नुसता सरकतो, तो प्रयत्न. व-ला त्यांनी दंतोष्ठ्य म्हटले, म्हणजे खालचा ओठ वरच्या दातांपाशी. आरसा, दिवा आणि स्वतःचे तोंड यापलीकडे साधन नसताना केलेले हे निरीक्षण आहे.

युरोपला याचा पत्ता एकोणिसाव्या शतकात लागला. अमेरिकन पंडित विल्यम ड्वाइट व्हिटनी याने १८६२ साली अथर्ववेदाचे प्रातिशाख्य भाषांतरासह छापले. त्याच सुमारास मॅक्स म्युलर ऋग्वेदाच्या प्रातिशाख्यावर काम करत होता. सिडनी ॲलन या केंब्रिजच्या अभ्यासकाने १९५३ साली प्राचीन भारतीय ध्वनिविचारावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. आधुनिक ध्वनिशास्त्र जे घोष-अघोष आणि स्थान-प्रयत्न हे भेद वापरते, त्यांना धार आली ती या ओळखीनंतर. हे सांगताना आपली छाती फुगते, आणि तिथेच थांबण्याची आपल्याला खोड आहे. वारसा मिळाला म्हणून मला ‘पी’ म्हणता आला असे काही झाले नाही.

इंग्लंडमध्ये हाच उद्योग वेगळ्या गरजेतून उभा राहिला. अलेक्झांडर मेलव्हिल बेल हा वक्तृत्वाचा शिक्षक. त्याने १८६७ साली ‘व्हिजिबल स्पीच’ ही लिपी प्रसिद्ध केली. तिच्यातले प्रत्येक चिन्ह म्हणजे तोंडाच्या ठेवणीचे छोटे रेखाटन होते. बेल जाहीर प्रयोग करी. मुलाला बाहेर पाठवायचे, श्रोत्यांनी वाटेल तो विचित्र आवाज काढायचा, बेलने तो आपल्या चिन्हांत फळ्यावर लिहायचा, आणि आत आलेल्या मुलाने नुसते फळ्याकडे बघून तोच आवाज काढून दाखवायचा. हा मुलगा म्हणजे पुढे टेलिफोनचा शोध लावणारा अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. तो १८७१ साली बॉस्टनला गेला तो बहिऱ्या मुलांच्या शिक्षकांना बापाची ही पद्धत शिकवायला. कानावाचून, नुसत्या जागांवरून उच्चार शिकवण्याचा हा टोकाचा प्रयोग होता.

बेलच्याच परंपरेतला हेन्री स्वीट. त्याचे ध्वनिशास्त्राचे पुस्तक १८७७ साली आले. शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधल्या प्राध्यापक हिगिन्सच्या मागे या स्वीटची सावली आहे, आणि शॉने प्रस्तावनेत त्याच्याविषयी लिहिलेही आहे. आपल्याला ते नाटक पु. लं.च्या ‘ती फुलराणी’मुळे माहीत. पण मराठीत आल्यावर त्याचा विषय बदलला. इंग्रजी नाटकात स्वरांच्या छटांवर चालणारी शिकवणी मराठीत बोलीविरुद्ध प्रमाणभाषा अशी झाली. याचे कारण पु. ल. नव्हेत. नुसत्या स्वराच्या ठेवणीवरून माणसाचा वर्ग ओळखण्याची सवय इंग्रज कानाला जितकी, तितकी मराठी कानाला नाही. आपला कान ‘न’ आणि ‘ण’वर टपलेला असतो.

पॉल पासी आणि त्याच्या सहकारी शिक्षकांनी १८८६ साली पॅरिसमध्ये जी संस्था काढली तिच्यातून आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी आली, आणि १९१७ साली लंडनच्या डॅनियल जोन्सने इंग्रजी उच्चारांचा कोश काढला. आज कुठल्याही चांगल्या इंग्रजी शब्दकोशात शब्दापुढे दिसणारी चिन्हे या घराण्यातली. मराठीत हा विषय शास्त्रशुद्धपणे मांडला तो ना. गो. कालेलकर यांनी ‘ध्वनिविचार’ या पुस्तकात.

आता ‘टेन’. पहिलाच ट घ्या.

मराठीत जीभ वर टेकण्याच्या दोन ठळक जागा आहेत. त म्हणताना ती वरच्या दातांच्या मागच्या बाजूला लागते. ट म्हणताना टोक मागे वळून हिरडीच्या उंचवट्यापलीकडे, टाळूच्या सुरुवातीला लागते. इंग्रजी टी या दोन्हींच्या मधोमध, दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्यावर होतो. आपल्या दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीत हा पाहुणा बसतो, आणि आपण त्याला ट-च्या खुर्चीवर ढकलतो. क्वचित त-च्या खुर्चीवरही ढकलले आहे; ‘मास्टर’चा ‘मास्तर’ झाला तो त्यातलाच. पण एकंदर ट-चीच सरशी झाली. इंग्रजी बोलणाऱ्याला आपला ट ऐकताना जीभ जड झाल्यासारखी वाटते ती यामुळे.

मधली जागा आपल्याकडे नाही असे मात्र नाही. ‘चारा’ म्हणा, गुरांचा. मग ‘चार’ म्हणा, संख्या. दोन्ही च वेगळे आहेत. चार-मध्ये जिभेचा मधला भाग टाळूला चिकटतो. चारा-मध्ये टोक पुढे जाऊन दातांच्या मुळाशी, हिरडीवर टेकते आणि मग स-सारखे घासत सुटते. व्याकरणे याला दंततालव्य च म्हणतात. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे पाण्याचे भांडे हा भेदही तोच. चाक, चारा, चोर म्हणताना जीभ जिथे पहिल्यांदा टेकते तिथेच तिला थांबवायचे, आणि पुढचे घासणे गाळून सरळ सोडून द्यायचे. इंग्रजी टी-ची जागा सापडली. हिंदीभाषकाला ही सोय घरात नाही. मी हे वर्गात करून पाहिले आहे. ‘जीभ दंतमूलावर ठेवा’ या वाक्याने जे होत नाही ते ‘चाक अर्धे म्हणा’ याने होते.

जागा पटत नसेल तर पाहता येते. जिभेच्या टोकाला कोकोची पूड थोड्या तेलात कालवून लावा, एकदाच ‘त’ म्हणा, आणि तोंड उघडून छोट्या आरशात टाळू बघा. दातांमागे डाग दिसेल. चूळ भरून हेच ट-चे करा, मग चाक-च्या च-चे. ध्वनिशास्त्राचे संशोधक अजूनही जवळपास असेच करतात, कोकोऐवजी कोळशाची भुकटी घेऊन. महागडा प्रकार हवा तर बोलणाऱ्याच्या टाळूच्या मापाची कवळी करतात. रेडिंग विद्यापीठाच्या प्रसिद्ध कवळीत ६२ विद्युत्स्पर्शक असतात, आणि जीभ कुठे, किती वेळ लागली ते पडद्यावर उमटते. पण कोकोने भागते. याहून सोपी युक्ती म्हणजे टेकवलेली जीभ किंचित सैल करून श्वास आत ओढायचा. जिथे गार लागेल तिथे फट आहे.

जागा बरोबर आली तरी ‘टेन’ होत नाही, फुंकर राहते. इथे एक जुना अभ्यास सांगितलाच पाहिजे, कारण त्यात आपली भाषा आहे. ली लिस्कर आणि आर्थर अब्रामसन या दोघांनी १९६४ साली अकरा भाषांतले स्पर्शवर्ण, म्हणजे हवा अडवून सोडलेली व्यंजने, मोजले. त्यांत इंग्रजी होती, हिंदी होती, तमिळ होती आणि मराठीही होती. मोजायचे काय, तर ओठ किंवा जीभ सुटल्यापासून गळ्यातल्या स्वरतंतूंचे कंपन सुरू व्हायला लागणारा वेळ. इंग्रजी शब्दारंभीच्या टी-ला सरासरी ७० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. त्या रिकाम्या वेळात जी हवा जाते तीच फुंकर. मराठी त-ट-ला हा वेळ जवळजवळ लागतच नाही; जीभ सुटली की आवाज सुरू. आता गंमत अशी की इंग्रजीचा शब्दारंभीचा डी-सुद्धा असाच असतो. तो आपल्या ड-सारखा आधीपासून घुमत नाही, जीभ सुटताच आवाज सुरू होतो. म्हणजे इंग्रज कानाच्या हिशेबात आपला ट हा त्यांचा डी आहे आणि आपला प हा त्यांचा बी. हेल्पलाइनवरच्या बाई बहिऱ्या नव्हत्या.

त्याच अभ्यासात आणखी एक निघाले. घ, ध, भ हे आपले घोष महाप्राण त्या एका मापात बसेनात. कंपनाच्या सुरुवातीचा वेळ एवढ्याच मोजपट्टीवर चार-चार भेद करणाऱ्या मराठी आणि हिंदीसारख्या भाषा पुऱ्या उलगडत नाहीत. ज्याच्या तोंडात हे चारही भेद रोज फिरतात त्याला इंग्रजीचे दोन जड जावेत, हे जरा ओशाळवाणे आहे.

मग आपण ‘टेन’ला सरळ ‘ठेन’ का म्हणत नाही? जीभ थोडी पुढे घेतली तर ठेन हे टेन-पेक्षा इंग्रजीच्या जवळ आहे. ‘ठेसन’ म्हणणाऱ्या खेडुताला आपण हसतो. त्याने ठ चुकीच्या जागी लावला खरा, कारण एस-नंतरच्या टी-ला इंग्रज फुंकर देत नाहीत. पण इंग्रजी टी आणि फुंकर यांचा काही संबंध आहे हे त्याच्या कानाने टिपले असावे. शिकलेल्यांचा कान स्पेलिंगने बंद केलेला. टी-नंतर एच नाही, मग ह कशाला? शिवाय फ आपण एफ-ला देऊन टाकला, थ टी-एच-ला, आणि महाप्राणांची शिल्लक तिथेच संपली. पातळ कागदाची पट्टी ओठांसमोर धरून ‘टेन’ म्हणा; पट्टी हलली पाहिजे. ‘स्टेन’ म्हणताना ती हलता कामा नये.

दुसरा भाग स्वराचा, आणि इथे जागा सांगणाऱ्यांची पंचाईत होते. व्यंजनात जीभ कशाला तरी लागते. स्वरात ती कुठेच लागत नाही, अधांतरी असते. ‘जीभ थोडी खाली घ्या’ म्हणजे किती? डॅनियल जोन्सने जिभेवर शिशाची बारीक साखळी ठेवून क्ष-किरणांनी छायाचित्रे काढली, स्वरांचा प्रसिद्ध चौकोन आखला, त्याच्या कोपऱ्यांवर आदर्श स्वर बसवले. आणि मग त्यानेच सांगितले की हे स्वर गुरूच्या तोंडून ऐकूनच शिकावे लागतात. त्यासाठी ध्वनिमुद्रिका काढल्या. सगळा नकाशा हाती दिल्यावर वाटाड्याही घ्या म्हणण्यासारखेच हे झाले, पण माणूस प्रामाणिक होता.

पुढे १९७९ साली स्वीडनच्या ब्यॉर्न लिंडब्लोम आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाने तर जागांचा दिमाख आणखी उतरला. बोलणाऱ्यांच्या दातांत ठोकळा देऊन जबडा अडकवून ठेवला, तरी त्यांचे स्वर पहिल्या क्षणापासून बरोबर आले. जबडा हलत नव्हता तर जिभेने भरपाई केली. म्हणजे मेंदू जपतो तो कानाला हवा असलेला ध्वनी, एखादी ठरावीक ठेवण त्याला महत्त्वाची नाही. दातांत पेन्सिल धरून वर्तमानपत्र वाचून पाहा. लाळ गळेल, पण कळेल.

तरीही अर्धे काम जागा करतात. मराठीत लेखणीलाही पेन आणि दुखण्यालाही पेन. इंग्रजीत हे दोन स्वर वेगळे आहेत आणि आपला ए दोन्हींच्या मध्ये कुठेतरी स्थिर उभा आहे. हनुवटीखाली अंगठा लावून पिन, पेन, पॅन असे म्हणा. प्रत्येक पायरीला हनुवटी खाली गेली पाहिजे. पिन आणि पॅन आपल्याला येतात; लेखणीचा पेन बरोबर मधल्या पायरीवर हवा, म्हणजे आपल्या नेहमीच्या ए-पेक्षा तोंड जरा उघडे. ‘टेन’चा स्वर हाच. दुखण्याच्या पेन-मध्ये मात्र जीभ जागेवर राहत नाही, ए-पासून ई-कडे चढते. यालाही घरचा शब्द आहे. ‘देई’, ‘घेई’, ‘नेई’ ही जुनी क्रियापदे एका मात्रेत म्हणा. देई-चा ‘डे’ होतो, फक्त द-ची जागा मागे घ्यायची. ‘होऊ’ तसेच एका झटक्यात म्हटले की ‘नो’ आणि ‘गो’चा स्वर हाती येतो.

ॲ आणि ऑ ही दोन चिन्हे इंग्रजी शब्दांसाठीच आपल्याकडे आली आणि २००९ सालच्या शासन निर्णयाने वर्णमालेत अधिकृत जागी बसली. ती आहेत म्हणून बॅट आणि बेट यांत मराठी माणूस सहसा घोटाळा करत नाही. लिपी कानाला वळण लावते याचा हा चांगला दाखला. उलट ‘शिप’ आणि ‘शीप’ यांत लिपीच फसवते. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो आणि समजतो की फरक लांबीचा आहे, म्हणून मेंढी ताणत बसतो. मुख्य फरक जिभेच्या उंचीचा आहे : मेंढीत जीभ उंच आणि ताठ, जहाजात खाली आणि सैल. लांबी तर पुढच्या व्यंजनावर हलते. मारणे या अर्थाच्या ‘बीट’मधला तथाकथित दीर्घ स्वर पुढे टी असल्यामुळे इतका आखडतो की बोली लावणे या अर्थाच्या ‘बिड’मधल्या ऱ्हस्वाच्या बरोबरीला येतो.

तिसरा न. जीभ पुन्हा टी-च्याच जागी, फक्त पडजीभ खाली येऊन हवेला नाकाचा रस्ता मोकळा. यात शिकण्यासारखे काही नाही असे वाटते. पण ‘टेन’ला क्रमवाचक करा, ‘टेन्थ’. न एकदम पुढे सरकून दातांवर जातो, कारण पुढे टी-एच उभा आहे. ‘टेन बॉइज’ भरभर म्हटले की न-चा म होतो, ‘टेन कप्स’मध्ये ङ. इंग्रजीचे पाठ्यपुस्तक हे प्रकरण फार पुढच्या पानांवर ठेवते. मराठी मूल ते पहिलीत लिहिते. अंक, अंजीर, अंडे, अंत, आंबा : टिंब एकच, उच्चार पाच. ‘संबंध’ या एका शब्दात दोन टिंबे आहेत, एक म, एक न, आणि कोणी चुकत नाही. परसवर्ण हे नाव माहीत नसले तरी अडत नाही.

आता या तीन अक्षरांची खरी मौज. टी, ई, एन ही अक्षरे ‘टेनिस’मध्ये पूर्ण वाजतात, ऐकणे या अर्थाच्या ‘लिसन’मध्ये टी गप्प असतो, आणि मांजरीच्या पिल्लाच्या ‘किटन’मध्ये स्वरच गायब होतो. तिथे आपण ‘किटन’ किंवा ‘किटेन’ म्हणतो आणि ट-नंतर जीभ खाली आणून पुन्हा वर नेतो. इंग्रज जीभ हलवतच नाहीत. ती हिरडीवर टेकलेली असते, टेकलेलीच राहते. फक्त पडजीभ खाली पडते आणि अडलेली हवा नाकातून सुटते. व्यंजनानेच सिलॅबलचे काम केले. हे ऐकायला अवघड वाटते, म्हणून ‘रत्न’ म्हणा. ‘प्रयत्न’ म्हणा. त आणि न यांच्यामध्ये तुमची जीभ दात सोडत नाही. ‘यत्न’ म्हणताना जे तुमच्या नाकात घडते तेच, जीभ किंचित मागे ठेवून, ‘किटन’मध्ये घडते. मला हे सापडले त्या दिवशी मी घरभर रत्न-रत्न करत फिरत होतो.

बाकीच्या नामांकित अडचणी भराभर घेता येतील. टी-एच-साठी आपण थ आणि द वापरतो. जागा बरोबर आहे, दातांचीच, प्रयत्न चुकतो. आपण जीभ घट्ट टेकवून हवा अडवतो, तिथे ती सैल ठेवून हवा जाऊ द्यायची असते. बोबडे मूल ‘साखर’ म्हणताना जीभ दातांत धरून जो स काढते तोच ‘थिंक’चा पहिला ध्वनी. व्ही आणि डब्ल्यू यांत मराठी लिपीने हिंदीहून जास्त चतुराई दाखवली आहे : हिंदीत विटामिन आणि नवंबर, आपल्याकडे व्हिटॅमिन आणि नोव्हेंबर. व्ही-मध्ये खालचा ओठ वरच्या दातांना घासतो, ते घासणे कोणीतरी ह म्हणून ऐकले आणि व-ला जोडले. डब्ल्यू-ला साधा व ठेवला. लिहिताना पाळलेला हा भेद बोलताना पुसला जातो, आणि व्ही-मध्ये ह खरोखरच घुसतो. फ दातांवर म्हणा आणि त्यातच गळ्याचा आवाज मिसळा, व्ही झाला. डब्ल्यू-ला दात नकोत. ‘ऊ’साठी ओठ गोल करा आणि तिथून निसटा : ‘वाइन’ नव्हे, ‘उआइन’. झेड-साठी आपण झ धरला, झेरॉक्स, झिरो, झेब्रा. हा मराठी ‘माझा’मधल्या झ-चा प्रताप आहे, हिंदी कानाला झेड ज-जवळ वाटला. स लांबवत न्या आणि मध्येच गळ्याला कंपन द्या, झेड तोच, फुंकर नको.

आर-च्या वाट्याला मी फारसा जात नाही. आपला र एकदा थाप मारून जातो, इंग्रजी आर-मध्ये जीभ कुठेही न टेकता अधांतरी राहते. कशी राहते, हे विचारू नये. पिअर देलात्र आणि डोनाल्ड फ्रीमन यांनी १९६८ साली अमेरिकनांच्या आर-ची क्ष-किरण चित्रफीत काढली, तेव्हा काहींच्या जिभेचे टोक वर वळलेले निघाले आणि काहींची जीभ मधोमध गोळा झालेली, टोक खाली. कानाला दोन्ही सारखेच. ज्या भाषेच्या लेकरांनाच आपली जीभ कुठे आहे ते एकमताने सांगता येत नाही, तिथे शिकणाऱ्याला एकच आकृती छापून देणे धाडसाचे आहे.

एवढे सगळे करायचे का, हा वाद वेगळा. हैदराबादच्या इंग्रजी संस्थेतले आर. के. बन्सल यांनी भारतीयांचे इंग्रजी बाहेरच्यांना कितपत कळते याचा अभ्यास केला. तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. चुकीच्या जागी पडणारा शब्दाघात, म्हणजे शब्दातल्या एका सिलॅबलवरचा जोर, हे न कळण्याचे एक मोठे कारण त्यांनी धरले. पुढे २००० साली इंग्लंडच्या जेनिफर जेनकिन्स यांनी उलट टोकाचा प्रश्न घेतला. आता इंग्रजी बोलणारे दोघेही परके असण्याचीच शक्यता जास्त, मग एकमेकांना कळण्यापुरते कोणते उच्चार अनिवार्य? त्यांच्या यादीतून टी-एच गेला. थ-द चालेल म्हणाल्या. शब्दाघातही त्यांनी वगळला, कारण तो नियमाने शिकवता येत नाही. राहिले काय, तर शब्दारंभीच्या पी-टी-के-ची फुंकर, स्वरांच्या लांबीतला फरक, शब्दारंभीची जोडाक्षरे, आणि वाक्यातला मुख्य आघात.

पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरांत २००० नंतर जे उच्चारवर्ग निघाले त्यांत टी-एच आणि आर-वर जितका घाम गाळला गेला त्याच्या निम्मा फुंकरीवर गाळला असता तर बरे झाले असते, असे मला वाटते. टी-एच दिसतो. जीभ दातांतून डोकावते, शिक्षकाला लांबून दाखवता येते, फोटो काढता येतो. फुंकर दिसत नाही. शिकवणे सोपे म्हणून टी-एच महत्त्वाचा झाला.

शब्दाघातावर मात्र मी बन्सलांच्या बाजूचा आहे, आणि इथे जीभ-टाळूचे सगळे शास्त्र हात टेकते. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या फो-वर, ‘फोटोग्राफर’ झाला की जोर दुसऱ्या टो-वर सरकतो आणि पहिला फो मिटून नुसता ‘फ’ उरतो. मिटलेला हा स्वर आपल्या अ-चा सख्खा भाऊ आहे, ‘कमळ’मधल्या क-चा. त्याला शिकवणी नको. पण आपण प्रत्येक सिलॅबलला त्याच्या स्पेलिंगप्रमाणे सारखा मान देतो, पंगतीत सगळ्यांना सारखी वाढ. इंग्रजी बोलणारा कान मोठ्या ताटाची वाट बघत असतो आणि ते येतच नाही. कुठे जोर द्यायचा हे सांगणारी जागा तोंडात नाही. शब्दकोशात त्या सिलॅबलच्या आधी एक छोटी उभी रेघ असते, वरच्या अंगाला, नजर चुकवील इतकी बारीक.